तॉकव्हीलच्या नजरेतून अमेरिकेची लोकशाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलेक्सी द तॉकव्हील हा फ्रेंच माणूस १८३१-३२ मध्ये नऊ महिने अमेरिकेत होता. त्या प्रवासातून तयार झालेला 'अमेरिकेतील लोकशाही' हा ग्रंथ १८३५ आणि १८४० साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव असतं, भाषणांत त्याचे दाखले दिले जातात, पण मूळ ग्रंथ वाचलेले लोक फार थोडे. विद्यार्थी आणि वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे त्याचं मत मला पटत नाही तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

तॉकव्हील मुळात कोण होता?

नॉर्मंडीतल्या जुन्या सरदार घराण्यातला मुलगा. जन्म २९ जुलै १८०५, पॅरिस. त्याच्या आईचे आजोबा मालझेर्ब यांनी फ्रेंच राज्यक्रांतीत खटला चाललेल्या राजा सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं होतं. १७९४ मध्ये त्यांचाही शिरच्छेद झाला. आईवडील तुरुंगात होते आणि दहशतीच्या राजवटीचा म्होरक्या रोबेस्पिएर पडला म्हणूनच वाचले. क्रांतीने काय हिरावून घेतलं हे या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. अशा घरातल्या मुलाने समतेकडे शत्रू म्हणून न पाहता अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं, ही त्याच्याबद्दलची पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

तो अमेरिकेत कशासाठी गेला?

कागदोपत्री कारण होतं तुरुंगांची पाहणी. तॉकव्हील व्हर्सायच्या न्यायालयात कनिष्ठ न्यायाधिकारी होता. १८३० च्या जुलै क्रांतीत बुर्बाँ राजाची गादी गेली आणि लुई-फिलिप राजा झाला. तॉकव्हीलने नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली खरी, पण ती त्याच्या घराण्याला रुचली नाही आणि सरकारचाही त्याच्यावर पुरता विश्वास बसला नाही. काही काळ लांब राहणं बरं, असा विचार करून त्याने सहकारी आणि मित्र गुस्ताव्ह द बोमाँ याच्यासोबत जाण्याची परवानगी काढली. खर्च घरच्यांनी केला.

२ एप्रिल १८३१ ला दोघे ल हाव्रहून निघाले, मे महिन्यात ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उतरले. सोपवलेलं काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं: सिंग सिंग, ऑबर्न आणि फिलाडेल्फियाचे तुरुंग पाहिले. फिलाडेल्फियात कैद्यांना एकांत कोठडीत ठेवत. तिथे तॉकव्हील एकेका कोठडीत जाऊन कैद्यांशी बोलला. १८३३ मध्ये तुरुंगांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. मनात मात्र पहिल्यापासून मोठा प्रश्न होता. राजा आणि सरदार नसलेला समाज स्वतःचं राज्य कसं चालवतो?

नऊ महिन्यांत एखादा देश समजतो का?

पूर्ण नाही, आणि त्याच्या ग्रंथात ते दिसतंही. ईशान्येकडचा न्यू इंग्लंड हा भाग त्याने निवांत पाहिला, दक्षिणेतून तो घाईने गेला. पण त्याची पद्धत चांगली होती. तो वकिलांना, न्यायाधीशांना, गावच्या कारभाऱ्यांना भेटायचा, प्रश्न विचारायचा आणि त्याच दिवशी वहीत टिपून ठेवायचा. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्याला बोस्टनमध्ये भेटले. इतिहासकार जॅरेड स्पार्क्स यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गावकारभारावर त्याच्यासाठी खास टिपण लिहून दिलं. पॅरिसला परतल्यावर दोन तरुण अमेरिकनांच्या मदतीने त्याने कायद्याचे ग्रंथ आणि कागदपत्रं वाचून काढली.

तो लोकशाहीच्या बाजूचा होता की विरोधातला?

वाचकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीची वाक्यं उचलतात.

त्याचं म्हणणं असं: माणसामाणसांतलं जन्मजात अंतर गेली कित्येक शतकं कमी होत आलं आहे आणि ते कुणालाही थांबवता येणार नाही. तेव्हा समता यावी की नाही हा वादच संपला आहे. उरलेला प्रश्न एवढाच की समतेसोबत स्वातंत्र्य टिकेल, की सगळे सारखेच ताबेदार होतील.

हे तो कुठल्या देशासाठी लिहीत होता तेही पाहायला हवं. १८३१ च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये मत देण्यासाठी वर्षाला २०० फ्रँक थेट कर भरावा लागे. सव्वातीन कोटींच्या देशात मतदार होते दोन लाखांच्या आसपास. त्या फ्रेंच वाचकाला तो सांगत होता की बहुतेक सर्व गोऱ्या पुरुषांना मत देणारा एक देश पन्नास वर्षं उभा आहे, कोसळलेला नाही. तो का कोसळला नाही हे समजून घ्या.

पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर हेन्री रीव्ह याने केलं. त्यावर तॉकव्हीलने त्याला तक्रारीचं पत्र पाठवलं: लोकशाहीला बोचणारा मजकूर तुम्ही गडद केलात आणि सरदारशाहीला बोचणारा फिका केलात. त्याला स्वतःला कुठे उभं राहायचं होतं, हे या तक्रारीतून पुरेसं कळतं.

त्याला अमेरिकेत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं? संविधान?

संविधानाची त्याने तपशीलवार मांडणी केली, पण त्याच्या लेखी ते पहिल्या क्रमांकावर नव्हतं. मेक्सिकोचं उदाहरण तो देतो. मेक्सिकोने १८२४ मध्ये अमेरिकेसारखीच संघराज्याची घटना स्वीकारली आणि तरी तिथे अराजक आणि लष्करशाही आलटून पालटून येत राहिली. सुपीक जमीन आणि मोकळा प्रदेश यांपेक्षा कायदे महत्त्वाचे, आणि कायद्यांपेक्षा लोकांच्या सवयी, रीतिभाती, मनाची घडण महत्त्वाची, असा क्रम त्याने लावला.

मग ही घडण होते कुठे? त्याचं उत्तर होतं, गावात.

न्यू इंग्लंडमधलं गाव म्हणजे साधारण दोन ते तीन हजार वस्ती. तिथे कारभार चालवायला निवडून दिलेली नगरपरिषद नव्हती. गावचे मतदार सभेत एकत्र जमत आणि रस्ता, शाळा, कर यांचे निर्णय स्वतः घेत. अंमलबजावणीसाठी दरवर्षी कारभारी निवडले जात. करआकारणी करणारा, वसुली करणारा, गावचा शिपाई, नोंदी ठेवणारा, रस्त्यांवर देखरेख करणारा, गरिबांची व्यवस्था पाहणारा असे एकूण १९ प्रमुख अधिकारी त्याने मोजले आहेत. निवड झाल्यावर काम नाकारलं तर दंड होई.

फ्रेंच माणसाला याचं आश्चर्य वाटणं साहजिक होतं. त्याच्या देशात गावातलं छोटंसं कामही पॅरिसच्या किंवा पॅरिसने नेमलेल्या प्रीफेक्टच्या (प्रांताच्या सरकारी प्रमुखाच्या) मंजुरीवाचून होत नसे. त्याचे वडील स्वतः प्रीफेक्ट होते, त्यामुळे हा कारभार त्याला आतून ठाऊक होता. कुशल अधिकारी ही कामं गावकऱ्यांपेक्षा नीटनेटकी करतील हे तो मान्य करतो. पण रस्ता कुठून न्यायचा यावर शेजाऱ्याशी भांडून, हरून, तडजोड करून माणूस जे शिकतो ते त्याला दुसरं कुणी शिकवू शकत नाही. मला त्याच्या सगळ्या लिखाणात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लोकशाहीवर बोलताना आपण राजधानीकडे पाहतो. त्याने आधी गावाच्या सभेकडे पाहिलं.

ज्यूरीला तो इतकं महत्त्व का देतो?

स्वतः न्यायखात्यातला असूनही त्याने ज्यूरीकडे खटले निकाली काढण्याची सोय म्हणून पाहिलं नाही. त्याच्या दृष्टीने ज्यूरी ही राजकीय संस्था आहे. शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो राज्यकर्ता. हा अधिकार अमेरिकेत चिठ्ठी निघालेल्या सामान्य नागरिकांच्या हाती होता.

विशेषतः दिवाणी दाव्यांतली ज्यूरी त्याला मोलाची वाटली. खुनाचा आरोप आपल्यावर कधी येईल असं कुणाला वाटत नाही, पण जमिनीचा किंवा पैशाचा वाद कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. दुसऱ्याचा न्याय करताना उद्या आपलाही असाच न्याय होणार आहे, याची जाणीव राहते. ज्यूरीला त्याने कायम उघडी असलेली फुकट शाळा म्हटलं आहे. दावा लढणाऱ्यांना तिचा किती फायदा होतो याबद्दल त्याला खात्री नव्हती. न्याय करायला बसणाऱ्यांना होतो याबद्दल होती.

वकील हे अमेरिकेचे सरदार, असं तो खरंच म्हणाला का?

हो. कायद्याच्या अभ्यासाने माणसाला नियमांची, पूर्वीच्या निवाड्यांची आणि शिस्तीची ओढ लागते, म्हणून बहुमताच्या घाईला वकील आणि न्यायाधीश आवर घालतात, असं त्याचं निरीक्षण. यात थोडी आपल्या पेशाबद्दलची आपुलकी मिसळली आहे असं मला वाटतं.

न्यायालयांबद्दलचं निरीक्षण जास्त भक्कम आहे. अमेरिकन न्यायाधीश संविधानाशी विसंगत कायदा लागू करायला नकार देऊ शकत होता (१८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम केलं होतं). तॉकव्हीलला यातली मर्यादा आवडली: न्यायाधीश आपणहून कायद्यावर हल्ला चढवत नाही, समोर खटला यावा लागतो, आणि निकाल एका माणसाच्या एका तक्रारीपुरता असतो.

फ्रान्समध्ये क्रांतीच्या दिनदर्शिकेतल्या आठव्या वर्षीच्या (१७९९) संविधानातलं ७५ वं कलम अजून पाळलं जात होतं. सरकारी अधिकाऱ्याने कामकाजात तुमच्यावर अन्याय केला तर त्याच्यावर खटला भरायला राज्य परिषदेची परवानगी लागे, म्हणजे सरकारविरुद्ध जायला सरकारचीच संमती. हे कलम अमेरिकन आणि इंग्रज मंडळींना समजावून सांगणं किती अवघड गेलं ते त्याने नोंदवलं आहे.

प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांच्याबद्दल त्याचं मत काय होतं? ते बरोबर होतं का?

माझ्या मते नव्हतं, आणि इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल.

प्रतिनिधीगृहात शिरल्यावर त्याला सामान्य दर्जाची माणसं दिसली: गावोगावचे वकील, व्यापारी, काही जणांना नीट लिहिताही न येणारे. शेजारच्या सिनेटमध्ये नामांकित वकील, सेनानी, मुत्सद्दी. दोन्ही सभागृहं जनतेचीच, मग फरक कशामुळे? त्याने एकच कारण दिलं. प्रतिनिधी थेट लोक निवडतात, सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडतात. लोकांचं मत एका गाळणीतून गेलं की चांगली माणसं वर येतात, म्हणून पुढे लोकशाही देशांना अप्रत्यक्ष निवडणूक जास्त वापरावी लागेल, असा निष्कर्ष त्याने काढला. प्रत्यक्षात उलट घडलं. विधिमंडळांतल्या सौदेबाजीला आणि रखडलेल्या निवडींना लोक कंटाळले आणि १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटर थेट निवडून येऊ लागले.

पण खरा आक्षेप त्याच्याच वहीतून आणि त्याच्याच प्रवासातून निघतो. १८३१ च्या डिसेंबरात तो टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला होता. तिथे त्याने टिपून ठेवलं की या भागातल्या मतदारांनी डेव्हिड क्रॉकेट नावाच्या माणसाला काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर), प्रतिनिधीगृहात, पाठवलं होतं. त्याचं शिक्षण नाही, वाचता जेमतेम येतं, मालमत्ता नाही, शिकारीवर जगतो. सार्वत्रिक मताधिकारात लोक कुणाला निवडतात पाहा, हा टिपणाचा रोख.

त्याच मेम्फिसला त्याने आयुष्यभर न विसरलेलं दृश्य पाहिलं. चॉक्टॉ जमातीचे लोक मिसिसिपी नदी ओलांडायला काठावर आले होते. थंडी भयंकर होती, बर्फ जमिनीवर कडक झालं होतं, नदीतून हिमखंड वाहत होते. आजारी, जखमी, नुकती जन्मलेली मुलं, मरणाच्या दारातले म्हातारे. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. नाव निघाली तेव्हा काठावर राहिलेल्या कुत्र्यांनी एकदम आक्रोश केला आणि बर्फाळ पाण्यात उड्या टाकून ती नावेमागे पोहू लागली.

त्या लोकांना तिथे आणणारा कायदा १८३० चा. पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना नदीपलीकडे हलवण्याचं हे विधेयक सिनेटने २८ विरुद्ध १९ मतांनी, आरामात, मंजूर केलं. प्रतिनिधीगृहात ते पाचेक मतांनी निसटतं पार पडलं. आणि टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत देणारा एकटा माणूस होता डेव्हिड क्रॉकेट.

तॉकव्हीलने हे दोन धागे कधी जोडले नाहीत. सभागृहातल्या माणसांचं बोलणं, शिक्षण आणि ऐट पाहून त्याने प्रतिनिधित्वाची प्रत ठरवली. त्यांनी मतं कुठे टाकली हे पाहिलं असतं तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. एरवी इतका बारकाईने पाहणारा माणूस इथे आपल्या वर्गाच्या डोळ्यांनी पाहत होता.

या हकालपट्टीचा निषेध मात्र त्याने ग्रंथात केला, तोही नेमक्या जागी बोट ठेवून. स्पॅनिशांनी अत्याचार करूनही मूळ रहिवासी संपवता आले नाहीत. अमेरिकनांनी ते करार, कायदे आणि कागदपत्रांच्या मदतीने शांतपणे साधलं, असं तो लिहितो. कायदेशीर असणं आणि न्याय्य असणं यांतलं अंतर दाखवणारा हा त्याच्या ग्रंथातला सर्वांत कडक भाग आहे.

'बहुमताची जुलूमशाही' म्हणजे काय?

तुमच्यावर अन्याय झाला तर दाद मागायची कुणाकडे, असा त्याचा प्रश्न आहे. लोकमताकडे जावं तर ते बहुमताचंच. विधिमंडळ, कार्यकारी सत्ता, पोलीस, ज्यूरी सगळीकडे तेच. काही राज्यांत न्यायाधीशही निवडणुकीने येतात. (तो परतला त्याच वर्षी, १८३२ मध्ये, मिसिसिपी राज्याने सर्व न्यायाधीश निवडून देण्याची तरतूद केली.)

त्याने दिलेली दोन उदाहरणं जरूर वाचावीत. १८१२ च्या युद्धाला विरोध करणाऱ्या बाल्टिमोरच्या एका वृत्तपत्रावर जमाव चालून गेला. संपादक मंडळींना वाचवण्यासाठी तुरुंगात ठेवलं, जमावाने तुरुंग फोडून एकाला ठार केलं आणि खटल्यात ज्यूरीने आरोपींना सोडून दिलं. ज्या ज्यूरीची तो एवढी स्तुती करतो तिची ही दुसरी बाजूही त्यानेच लिहून ठेवली.

दुसरं पेनसिल्व्हेनियाचं. तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कायद्याने मताधिकार होता. मग मतदानाला एकही का दिसत नाही, असं त्याने एका रहिवाशाला विचारलं. उत्तर मिळालं की त्यांना मारहाणीची भीती वाटते, आणि लोकांचा पाठिंबा नसेल तिथे अधिकारी कायदा राबवू शकत नाहीत. १८३८ मध्ये त्या राज्याने मताधिकार उघडपणे गोऱ्या पुरुषांपुरता करून टाकला. कायद्याने हक्क आहे म्हटल्यावर तिथेच न थांबता, मग तो माणूस आला का नाही हे विचारणं, इथे तॉकव्हील सर्वांत चांगला निरीक्षक ठरतो.

प्रतिनिधीने मतदारांच्या आदेशानेच वागावं का?

अमेरिकेत मतदार प्रतिनिधीला निवडताना काय करायचं, कसं मत द्यायचं हे आधीच बांधून देऊ लागले होते. तॉकव्हीलला हे घातक वाटलं. मग चर्चेला अर्थ राहत नाही, बहुमत चौकात उभं राहून थेट निर्णय घेतं तसंच हे, असं तो म्हणतो. वारंवार होणाऱ्या निवडणुकांमुळे कायदे सतत बदलतात ही त्याची दुसरी तक्रार.

स्त्रिया आणि गुलाम यांच्याबद्दल तो काय म्हणाला?

स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न त्याने उचललाच नाही. अमेरिकन मुलींच्या आत्मविश्वासाचं कौतुक केलं आणि लग्नानंतर त्या घरात बंदिस्त होतात हेही मान्य करून टाकलं. ही मोठी उणीव आहे. गुलामगिरीवर तो स्पष्ट होता: ती अन्याय्य आहे आणि मालकांनाही नासवते. ओहायो नदीच्या एका काठावर गुलामगिरी नसलेलं ओहायो, दुसऱ्या काठावर गुलामगिरीचं केंटकी. दोन काठांवरच्या शेतांची आणि कामाकडे पाहण्याच्या वृत्तीची त्याने केलेली तुलना अजूनही वाचनीय आहे.

स्वतः राजकारणात गेल्यावर त्याने हे विचार वापरले का?

वापरले, आणि एकदा ते अंगाशी आले. १८३९ पासून तो फ्रेंच संसदेत होता. १८४८ च्या क्रांतीनंतर सर्व पुरुषांना मत मिळालं. त्या एप्रिलमध्ये तॉकव्हील गावचे लोक रांगेने, नावांच्या क्रमाने चालत मतदानाला गेले आणि तोही आपल्या नावाच्या जागी रांगेत उभा राहिला. बहुतेक सर्वांनी त्यालाच मत दिलं, असं त्याने आठवणींत लिहिलं आहे. सरदारांची सत्ता गेल्यावरही सरदाराला मिळालेली ही मतं प्रतिनिधित्वाबद्दल बरंच काही सांगतात.

नव्या संविधानाच्या समितीवर तो होता. अमेरिकेत त्याने पाहिलं होतं की पुन्हा निवडून येण्याच्या आशेने अध्यक्ष बहुमताची हांजी हांजी करतो. म्हणून फ्रान्समध्ये अध्यक्षाला लगेच दुसऱ्यांदा उभं राहता येऊ नये, या बोमाँच्या प्रस्तावाला त्याने जोरदार पाठिंबा दिला. अध्यक्ष झाला लुई-नेपोलियन. त्याला दुसरी मुदत कायद्याने मिळेना, तेव्हा २ डिसेंबर १८५१ ला त्याने संसदच उधळली. तॉकव्हीललाही काही काळ अटकेत ठेवलं. ही तरतूद चूक होती, हे त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे.

अल्जीरियाबद्दल त्याचे विचार वेगळे होते, हे खरं का?

खरं आहे आणि ते झाकू नये. अमेरिकेतल्या हकालपट्टीचा निषेध करणाऱ्या याच माणसाने फ्रान्सने अल्जीरिया जिंकण्याचं समर्थन केलं. १८४१ मध्ये तिथून आल्यावर पिकं जाळणं, निःशस्त्र पुरुष, बायका, मुलांना पकडणं या युद्धातल्या दुर्दैवी पण आवश्यक गोष्टी आहेत, असं त्याने लिहिलं. स्वतःचं राष्ट्र जिंकणारं होतं तेव्हा मेम्फिसच्या काठावरची नजर त्याच्याकडे उरली नाही.

'सौम्य हुकूमशाही'ची कल्पना काय आहे?

१८४० च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी ती येते. समान झालेली माणसं आपापल्या घरात आणि छोट्या सुखांत रमतात, सार्वजनिक कामातून अंग काढून घेतात. त्यांच्यावर एक प्रचंड, काळजीवाहू सत्ता उभी राहते. ती मारझोड करत नाही. नियमांचं बारीक जाळं विणते, गरजा भागवते आणि विचार करण्याचे कष्ट वाचवते. लोकांना मतदान असतंच. ते क्षणभर ताबेदारीतून बाहेर येतात, आपला मालक निवडतात आणि पुन्हा आत जातात.

प्रतिनिधित्वाबद्दल त्याचा खरा सिद्धान्त हा आहे. रोजच्या छोट्या कामांत स्वतः निर्णय घेण्याची सवय सोडलेली माणसं, ती कामं करणारा चांगला माणूस तरी कसा निवडतील? गावसभा, ज्यूरी, स्वयंस्फूर्त संघटना, स्थानिक वृत्तपत्रं यांवर त्याने इतकी पानं का खर्च केली ते इथे उलगडतं.

त्याची कोणती भाकितं चुकली?

संघराज्याचं केंद्र सरकार दिवसेंदिवस दुबळं होईल असं त्याला वाटलं, झालं उलट. पक्षांची नवी यंत्रणा त्याच्या नजरेतून निसटली: तो देशात असतानाच, सप्टेंबर १८३१ मध्ये, उमेदवार निवडण्यासाठीचं पहिलं राष्ट्रीय पक्ष अधिवेशन बाल्टिमोरला भरलं होतं. अमेरिका आणि रशिया ही पुढची दोन महासत्ता होतील हे मात्र त्याने १८३५ मध्येच लिहिलं.

'अमेरिका चांगली आहे म्हणून महान आहे' हे त्याचंच वाक्य ना?

नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनीही भाषणांत ते त्याच्या नावावर खपवलं आहे, पण ते त्याच्या ग्रंथात कुठेही नाही. जनतेला जनतेच्याच पैशाने लाच देता येते हे काँग्रेसला कळेल तेव्हा प्रजासत्ताक संपेल, हे वाक्यही त्याचं नव्हे.

ग्रंथ मोठा आहे. कुठून सुरुवात करावी?

पहिल्या पानापासून सुरू करू नका. पहिल्या भागातलं गावकारभारावरचं प्रकरण आधी वाचा, मग त्याच भागातली बहुमताच्या सत्तेवरची आणि ज्यूरीवरची प्रकरणं. त्यानंतर तीन वंशांवरचं (गोरे, कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी) दीर्घ प्रकरण. मेम्फिसचा प्रसंग त्यात आहे. दुसऱ्या भागातून संघटनांवरची प्रकरणं आणि सौम्य हुकूमशाहीवरचं प्रकरण घ्या. रीव्हचं जुनं इंग्रजी भाषांतर मोफत मिळतं, पण तॉकव्हीलची त्यावरची तक्रार ध्यानात ठेवून वाचा. शक्य असेल तर विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातलं भाषांतर घ्या.